रिकाम्या कमरेने ये

करामा, दुबई
१२ ऑक्टोबर २०१४

प्रिय सुजीत,

परवा लाइन गेली नव्हती. फोन मी ठेवला. मला फोनवर भांडता येत नाही. तू आवाज चढवलास की मी गप्प होते, आणि ताईला पटलं असं तू समजतोस. म्हणून लिहिते आहे. आधी एकटा बसून वाच, मग कोणाला दाखवायचं ते ठरव.

तुझं म्हणणं मला कळलेलं आहे. मुग्धाच्या लग्नासाठी पुण्यात आपण जे कार्यालय घेतलं, त्याच्या दारावर पाटी आहे, की परवाना असला तरी शस्त्र घेऊन आत येऊ नये. तू जागा बघायला गेलास, पाटी वाचलीस आणि तिथलं काम बघणाऱ्या नर्मदाताईंना चार माणसांदेखत नाही नाही ते बोललास. त्या मला फोनवर म्हणाल्या, "तुमच्या बंधूंनी विचारलं, भाची माझी, पिस्तूल माझं, तुमच्या बापाचं काय जातं? मी काही बोलले नाही हो, पण माझे वडील मागच्याच महिन्यात गेले." आता तुझी अट अशी, की पाटी काढा, नाहीतर कार्यालय बदला, नाहीतर मामा लग्नाला येणार नाही. मुग्धाला दुसरा मामा नाही, आणि नवरीला बोहल्यावर मामानेच आणायचं असतं, हे तुला पक्कं माहीत आहे. म्हणूनच तू ही अट घातलीस.

मुग्धा म्हणते, "मॉम, इट्स जस्ट अ बोर्ड. ते काढा ना, मामाला हर्ट झालंय." वडील गेल्यापासून तिला माणसं कमी झालेली सहन होत नाहीत. तुझ्यासाठी ती चार दिवस माझ्याशी धड बोलत नाही आहे. तिला काय सांगू, हे मला कळत नव्हतं. तुला काय सांगायचं ते मात्र आता कळलं आहे.

तुला परवाना का मिळाला ते मी विसरलेले नाही. वाघोलीच्या जमिनीच्या वेळी तुला धमक्या आल्या, एकदा साइटवरून येताना दोघांनी तुझी गाडी अडवली. आई महिनाभर नीट जेवली नव्हती. तू रीतसर अर्ज केलास, पोलिसांनी चौकशी केली, मग मिळाला. तेव्हा मलाही बरं वाटलं होतं. पण ते लोक केव्हाच तुरुंगात गेले, जमीनही विकली गेली, आणि ती वस्तू मात्र तुझ्या कमरेला राहिली. लग्नात, बारशाला, हॉटेलात. या दसऱ्याला तू नवीन घेतलेल्या पिस्तुलाला झेंडू वाहून फोटो पाठवलास, खाली हात जोडल्याचं चित्र. तो फोटो मी करामातल्या बसस्टॉपवर उभी राहून पाहिला आणि माझी बस गेली.

आता जानेवारी २००९ आठव. शॉपिंग फेस्टिव्हलसाठी तू आमच्याकडे आला होतास. इथे तुला पिस्तूल आणता येत नव्हतं, तर तुझा हात सारखा कमरेकडे जायचा आणि चारुदत्त तुला चिडवायचे, "सुजीतराव, काही हरवलं का?" सोन्याच्या दुकानात तू मोठ्याने म्हणालास, "दाजी, एवढं सोनं, आणि दरवानाकडे साधी काठी नाही!" हे म्हणाले, "म्हणून तर इथे तुमची बहीण दागिने घालून एकटी फिरते." तू हसलास. खूप खरेदी झाली म्हणून तू मोठी बॅग घेतलीस, आणि तुझी काळी बॅग, जी तू साइटवर न्यायचास, ती ह्यांना दिलीस. ह्यांच्या बॅगेचं चाक तुटलं होतं. तूच म्हणालास, "दाजी, दोहाला ही न्या, भारी बॅग आहे."

दोहाचं तुला अर्धंच माहीत आहे. इथले प्रोजेक्ट एकामागून एक बंद पडत होते. ह्यांच्या कंपनीने रोज कुणाला तरी कामावरून काढल्याचं पत्र द्यायला सुरुवात केली होती. मोजक्या लोकांना त्यांनी दोहाच्या कामावर न्यायचं ठरवलं, त्यात चारुदत्त होते. त्यासाठीच ते निघाले होते. विमानतळावर बॅग मशीनमधून गेली आणि त्यांना बाजूला घेतलं. आतल्या चेनच्या कप्प्यात एक जिवंत काडतूस होतं, सुजीत. तुझं. मुंबईला कुणाला दिसलं नाही, इथे उतरताना कुणाला दिसलं नाही, तुला तर नाहीच नाही. ह्यांच्या हातात बॅग आल्यावर दिसलं.

त्यांना एक फोन करू दिला. मला वाटलं, विमानात बसायच्या आधी करत असतील. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "सुजीत कुठे आहे?" मी म्हटलं, उपमा खातोय, दुसऱ्यांदा घेतलाय. मग त्यांनी काय झालं ते सांगितलं, अगदी हळू, आणि म्हणाले, "बॅग माझीच आहे असं मी सांगितलंय. त्याचं नाव घेतलं तर ते आत्ता घरी येतील आणि त्याला घेऊन जातील. त्याला त्याच्या विमानाने जाऊ दे. मी दोहाला पोचलो असं सांग." मी फोन ठेवला. तू विचारलंस, "पोचले का दाजी?" मी म्हटलं, पोचतील.

दोन दिवसांनी मी तुला सोडायला विमानतळावर आले. टॅक्सीत तू कुरकुर करत होतास. "एक दिवस मीटिंग पुढे ढकलली असती तर काय बिघडलं असतं? मेहुणा काय रोज येतो? साधं टाटा करायला यायला काय होतं माणसाला?" सुजीत, तेव्हा ते त्याच विमानतळाच्या पोलिसांच्या ताब्यात होते. तू आत जाईपर्यंत मी हात हलवत राहिले. मग तिथेच एका खुर्चीवर बसले. एका फिलिपिनो बाईने मला पाणी आणून दिलं.

नंतरचं थोडक्यात लिहिते. ह्यांचा पासपोर्ट कोर्टात जमा झाला. जामीन म्हणून इथे दुसऱ्या कुणाचा तरी पासपोर्ट ठेवावा लागतो. खालच्या मजल्यावरच्या हनीफभाईंनी त्यांचा ठेवला. रत्नागिरीला त्यांच्या पुतणीचा निकाह होता, तरी ते गेले नाहीत. मी म्हटलं, हे कसं फेडू, तर म्हणाले, "ताई, खलास, आता तो विषय नको." शेवटी कोर्टाने ह्यांना सोडलं. पण तोवर दोहाची जागा गेली होती आणि कंपनीने पत्र दिलं होतं. मंदी सगळीकडेच होती, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही. आम्हीही सगळ्यांना मंदीच सांगितली.

इंजिनिअर माणूस मग अल क्वोजमध्ये टाइल्सच्या गोदामात स्टोअरकीपर झाला. उन्हाळ्यात पत्र्याखाली. संध्याकाळी आले की कानाच्या मागेसुद्धा पांढरी धूळ असायची. त्यांनी तक्रार केली नाही, म्हणून मलाही करता आली नाही. आणि तू एकदा पुण्याहून फोनवर म्हणालास, "दाजी, मंदीत सगळ्यांच्याच गेल्या, पण माणसाने जरा स्मार्ट राहावं. कंपनीत स्वतःला विकता आलं पाहिजे." स्पीकरवर होतं. चारुदत्त म्हणाले, "खरं आहे तुमचं," आणि फोन माझ्याकडे देऊन गॅलरीतले वाळलेले कपडे काढायला गेले. मी तुला पावसाबद्दल विचारलं.

त्या गोळीने ते गेले, असं मी म्हणणार नाही. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये गोदामातच कोसळले. डॉक्टरांनी हृदय सांगितलं, ते मला मान्य आहे. पण एक गोष्ट तुला विचारायची आहे. परवानाधारकाला एकेका काडतुसाचा हिशोब द्यावा लागतो, असं तूच आम्हाला जेवताना ऐकवायचास. छाती पुढे काढून सांगायचास, "आमचं सगळं कायद्यात असतं, ताई." मग त्या वर्षी एक काडतूस कमी कसं, हा प्रश्न तुला पडला नाही का? पडला असेल, तर तू कधी बोलला नाहीस. पडलाच नसेल, तर ते त्याहून वाईट आहे.

तू फोनवर ओरडलास, "गुंड काय पाट्या वाचून थांबतात? पाट्या आमच्यासारख्या सभ्य माणसांनाच!" बरोबर आहे. गुंड थांबत नाही. पण ती पाटी गुंडासाठी नाहीच. सभ्य माणसासाठीच आहे. गुंडाला आपल्याजवळ काय आहे हे पूर्ण वेळ माहीत असतं. सभ्य माणूस विसरतो. चेनच्या कप्प्यात विसरतो, दुसऱ्याच्या हातात देतो, आणि उपमा खात बसतो. तुझ्या सभ्यपणाबद्दल मला कधीच शंका नव्हती. माझं नुकसान त्याच्यानेच झालं.

मी तुला सोडून दिलं असतं. खरंच. पण ह्यांना पुण्याला आणलं त्या दिवशी, खांदा देताना तुझा शर्ट वर गेला आणि ती वस्तू दिसली. ह्यांना उचलतानाही तू ती घरी ठेवली नव्हतीस. तू रडत होतास, मनापासून रडत होतास, तेही मी पाहिलं. पण मला तेवढी एकच गोष्ट दिसत राहिली.

आता पाटीबद्दल. नर्मदाताईंची माफी माग, कारण ती पाटी त्यांची नाही. त्यांच्या कार्यालयात अशी पाटी कधीच नव्हती. माझी आहे. कार्यालय ठरवताना मी एवढंच मागितलं, आणि 'परवाना असला तरी' हे शब्दही मीच सांगितले. चारुदत्त म्हणाले होते, "सुजीतला कधी कळू देऊ नकोस, तो स्वतःला माफ करणार नाही." पाच वर्षं मी ते पाळलं. मी सांगितलं नाही तर तू पुढची पाच वर्षंही अशीच मजेत काढशील, हे कळल्यावर आज मोडते आहे. मुग्धाला यातलं काही माहीत नाही आणि माझ्याकडून कळणार नाही. मुहूर्ताला गुरुजी मामाला हाक मारतील. रिकाम्या कमरेने आलास तर मी स्वतः तिचा हात तुझ्या हातात देईन, आणि हा विषय मरेपर्यंत काढणार नाही. नाही आलास तर तिला मी घेऊन जाईन. विधवेने पुढे व्हायचं नसतं असं कुणीतरी म्हणेलच. म्हणू दे. पाटी निघणार नाही.

अजून तरी तुझीच,
अनुराधाताई