क्रमपाठाचे प्रात्यक्षिक

॥ श्रीकमलाभवानी प्रसन्न ॥

करमाळा, दि. ४ मार्च २०२५

चि. तेजश्रीस त्रिंबककाकाचे अनेक शुभाशीर्वाद वि. वि.

काल तुमच्या विद्यापीठाचे संगणक विभागप्रमुख डॉ. शिवशरण शाल-श्रीफळ घेऊन ऐन संध्येच्या वेळी दारी उभे राहिले. संगणकाची सारी विद्या वेदांत आधीच सांगितली आहे, असे त्यांना माझ्याकडून लेखी हवे. त्यावर ते पदवीच्या पहिल्या वर्षाला नवा विषय बांधणार. जन्मभर वेद शिकवला, त्यात मला संगणक कोठे आढळला नाही. नसलेले दाखवणे ही श्रद्धा नव्हे, श्रुतीची विटंबना आहे, असे सांगून मी नारळ परत केला. मग कळले की माझे नाव तूच सुचवलेस. लहानपणी वेदपठणाच्या संथेला बसवले की पेंगत असायचीस. त्याचा हा सूड समजावा काय?

प्रकृतीस जपावे, रागावलो तरी माया तीच आहे.

तुझा काका,
त्रिंबक


सोलापूर, दि. ७ मार्च

ती. काकांच्या चरणी तेजश्रीचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

नाव मीच सुचवले, कारण दुसऱ्या कोणीही डोळे मिटून सही केली असती. या विषयासाठी सरांनी जागा काढली ती प्रोग्रॅमिंगच्या प्रात्यक्षिकांतून. माळशिरस, अक्कलकोटकडून येणाऱ्या कितीतरी मुलांच्या घरी संगणक नाही. प्रयोगशाळेतले तास गेले तर ती प्रोग्रॅम वहीतच लिहिणार आणि वहीतच पास होणार. अभ्यासमंडळात मी घसा कोरडा होईतो भांडले. सर म्हणाले, “मॅडम, लॅब कोण बघतंय ओ, माहितीपत्रक बघतेत की सगळे.” त्या माहितीपत्रकात तुमचे नाव, तुम्हाला भेटण्याआधीच, छापून गावोगाव वाटलेही आहे. सतरा तारखेला शेवटची बैठक. रागवा, पण काही सुचवा.

काकूंना नमस्कार. आशीर्वादाचा हात असाच राहू द्यावा.

आपली,
तेजश्री


करमाळा, दि. ११ मार्च

चि. तेजश्रीस आशीर्वाद वि. वि.

विचारण्याआधी नाव छापतात, आणि हे विद्येचे घर! तुझी काकू म्हणते, माझा आवाज बाजारसमितीपर्यंत गेला. असो. अभ्यासक्रम मीच लिहून सोबत धाडला आहे. वेदांत संगणक नाही, परंतु पठणातली चूक पकडण्याची रीत पूर्वजांनी राखली आहे. क्रमपाठात प्रत्येक शब्द एकदा मागच्याशी आणि एकदा पुढच्याशी जोडून म्हणतात; एक जरी गळला तरी साखळी तुटते. मुलांनी ही रीत समजून घ्यावी आणि गळलेला शब्द शोधणारा प्रोग्रॅम लिहावा. सगळे तास प्रयोगशाळेत, परीक्षाही तेथेच; व्याख्यान एकही नाही. मान्य असेल तर माझे नाव राहील. नसेल तर वर्तमानपत्रात मी स्वतः खुलासा देईन, आणि वाटलेली माहितीपत्रके डॉ. शिवशरणांनी घरोघर फिरून गोळा करावीत. हे त्यांना माझ्याच शब्दांत वाचून दाखव.

निर्भय असावे, हाच आशीर्वाद.

काका


सोलापूर, दि. १८ मार्च

ती. काकांस सा. न. वि. वि.

तुमचे शब्द वाचले. सरांनी सही केली. प्रात्यक्षिकांचा एकही तास गेला नाही. तरी त्यांची हौस फिटेना. पहिल्या दिवशी प्रयोगशाळेत व्यासपीठ, सत्कार आणि तुमच्यासाठी उंच खुर्ची मांडू म्हणत होते. मी त्यांना सांगितले, काका क्रमपाठ म्हणतील, मुले प्रोग्रॅम लिहितील, भाषण कोणाचेच नाही.

जूनमध्ये यावे. थोडे उभे राहावे लागेल. खुर्च्या मोजक्याच आहेत आणि त्या सगळ्यांवर मुले बसलेली असतील.

मायेत अंतर पडू देऊ नये, ही विनंती.

आपली,
तेजश्री