होर्तोर : मी उत्तेजन देते

३ नोव्हेंबर
आजपासून वाचनालयाच्या हॉलमध्ये माझा लॅटिन क्लास. संध्याकाळी पाच ते सहा. कोल्हापूरला गरज होतीच, फक्त कुणी बोलत नव्हतं. अध्यक्षा संयोगिता म्हणते, अठ्ठावीस तारखेला पाच विद्यार्थी दिसले नाहीत तर ही वेळ क्रांती नावाच्या मुलीच्या झुंबा क्लासला देणार. विषय बदलले, पण अकरा वर्षं ही वेळ माझीच आहे. पाच काय, पंधरा होतील. आज नेमके पाच.

५ नोव्हेंबर
डेपोनंट क्रियापद घेतलं. होर्तोर. रूप कर्मणी, म्हणून वाटतं 'मला उत्तेजन दिलं जातं'. अर्थ मात्र कर्तरी : 'मी उत्तेजन देते'. बाळासो, रिटायर्ड एसटी कंडक्टर, म्हणाले, "म्हंजे दिसायला मार खाल्लेला, पण मारणारा त्योच? आमच्या हिच्यासारखं की!" मल्लव्वा फार वेळ हसली. तिला काढलं. शिस्त दिसली की संख्या वाढते.

७ नोव्हेंबर
प्रियदर्शनी चार मिनिटं उशिरा. रंकाळ्याला ट्रॅफिक म्हणे. रोमनांनी रस्ते बांधले, सबबी नाही. काढलं.

१२ नोव्हेंबर
होर्तोर, होर्तारिस, होर्तातुर. पाठांतर उत्तम चाललं होतं. धोंडुबाईंनी विचारलं, "बाई, ह्यात बोलायला मानूस हाय काय कुठं?" प्रश्न अप्रस्तुत. यांना मी काढलं नाही. त्याच गेल्या.

१८ नोव्हेंबर
चाचणी. शशिधरच्या पेपरात एकही रूप नाही, फक्त माझं चित्र. नाक चुकलंय. काढलं.

२४ नोव्हेंबर
चौघांना फोन केले. माफी मागितली तर परत घेईन, असं स्पष्ट सांगितलं. मल्लव्वा म्हणाली, "माफी कशाला बाई? क्रांतीनं आमची नावं लिवून घेतली की. तुमीबी या." पश्चात्तापाला थोडा वेळ लागतो. चार दिवस आहेत.

२८ नोव्हेंबर
संयोगिता आली. बाळासोंनी सहाही रूपं न अडखळता म्हटली. थेट होर्तान्तुरपर्यंत! कोल्हापुरात हे पहिल्यांदाच घडलं असावं. माझ्या डोळ्यांत काहीतरी गेलं. संयोगिताने विद्यार्थी मोजले. वेळ लागला नाही. जाताना बाळासो म्हणाले, "बाई, पाठ झालं. आता डॉक्टर म्हनतोय, जरा हातपाय हलवा."

१ डिसेंबर
पाचची वेळ मी क्रांतीला तात्पुरती दिली आहे. तिला अनुभव नाही, देखरेख हवी, म्हणून मागच्या रांगेत उभी राहिले. ती माइकवरून ओरडली, "काकू, समदी उजवीकडं गेलीत, तुमी कुठं निघालाय?" मी दाराकडे निघाले होते. बाळासोंनी हाताला धरून रांगेत आणलं.
उद्या नॅपकिन न्यावा. घाम फार येतो.