कोऱ्या बुडाची बरणी

मी, खाली निशाणी करणारी, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. दबाव असलाच तर गुडघ्यांचा. शाळा दुसरीपर्यंत. चुका वकिलांनी सुधारू नयेत.

जुन्या चिनी भांड्यांचं दुकान नवऱ्याचं आणि माझं. तो गेल्यावर भाऊजींनी, म्हणजे धाकट्या दिरांनी, कागद पुढे केला: मी दुकान त्यांना राजीखुशीने दिलं. खाली माझी सही, माझ्याहून सुबक. तिथेच लबाडी दिसत होती, पण विधवेचं ऐकतो कोण?

निळ्या वेलीच्या दोन बरण्या होत्या. एकीच्या बुडाला चीनच्या जुन्या बादशहाचं नाव. दुसरीच्या बुडाला एकात एक दोन निळे गोल, आत कोरं. भाऊजी म्हणाले, "वहिनी, कोरी तुम्ही न्या. साखर भरा."

भरली. आणि तोंड मिटून बसले. त्या बादशहाच्या राज्यात एकदा हुकूम निघाला होता, भांड्यावर त्याचं नाव घालू नका, फुटलं की पायदळी येतं. म्हणून कारागीर गोल काढून आत कोरं सोडत. माझी बरणी तेव्हाची. भाऊजींची मागाहूनची नक्कल. नावाशेजारी बोट फिरवा, खरखरीत लागेल. तिथे इंग्रजीत 'चायना' असा शिक्का होता, आजेसासूबाईंच्या काळात परदेशी धाडायच्या मालावर मारत तसला. कुणीतरी घासून काढलाय.

कोरी बरणी नातीला, साखरेसकट. ही खोली आणि बँकेतलं किडूकमिडूकही तिलाच.

तिच्या बापाला, म्हणजे माझ्या मुलाला, माझी काठी. काकाच्या गल्ल्यावर बसून बसून कणा राहिला नाही, निदान टेकू होईल.

भाऊजींना माझं भिंग. नावाच्या बरणीला गिऱ्हाईक येईल त्या दिवशी, त्याच्यासमोर द्यावं, आणि हे पत्र तिथेच मोठ्याने वाचावं. नात वाचेल, आवाज माझ्यावर गेलाय. ते बरणी उलटी करतील तेव्हा मी नसेन. मरणाचं एवढंच वाईट वाटतं.

मी डोळे मिटले की भाऊजी आणखी एक कागद काढतील: म्हातारीने कोरी बरणीही राजीखुशीने दिली. खाली माझी सही असेल, सुबक. म्हणून आजपासून मी सही सोडली. यापुढे माझी सही दिसेल तो कागद खोटा समजावा.

साक्षीदार: कोपऱ्यावरचा चष्मेवाला. शेजारची शिवणवाली. दोघांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.
ठिकाण: जिन्याखालची खोली.
तारीख: १४ नोव्हेंबर.
निशाणी: एकात एक दोन गोल, हाताने काढलेले, जरा वाकडे. आत कोरं नाही. आत माझा अंगठा.