पाचवा महिना, पाचवी लेव्हल

१ सप्टेंबर, रविवार
दुपारी दोन ते पाच गेम. लेव्हल तीन. पुण्याची अंजली गोष्ट सांगते, आमी चौघं खेळाडू फोनवर आपापल्या पात्राचं बोलतो, फासे स्क्रीनवर पडतेत. माझा वज्रसेन ढाल धरून उभा राहिला की शेजारच्यांना मार लागत न्हाई. टीमचा कणा मीच हाय. अंजलीनं तसं म्हटलेलं न्हाई, पण आवाजावरून कळतं.

उद्या पोरीला तिसरा महिना लागतो. पुनम बाळंतपणाला साखऱ्याला माहेरी हाय. आमच्यात बाळंतिणीला तिसऱ्या न्हाई तर पाचव्या महिन्यात आणतेत, चौथ्या-सहाव्यात न्हाई. अन् नवऱ्यानं सोता जाऊन आणायचं. ह्या महिन्यात आणायचं म्हणजे आणायचं. फक्त लेव्हल चार होऊ द्या.

८ सप्टेंबर, रविवार
पुनमचा फोन. गणपती बसले, घर भरल्यासारखं वाटंल, आज येता का म्हणे. आमच्या गावाहून, गोरेगावहून, साखरा काही लांब न्हाई. पण माझं झेरॉक्स अन् ऑनलाइन फॉर्मचं दुकान रविवारीच बंद असतं अन् गेम बी रविवारीच असतो. एकच रविवार, त्याला मी काय करू? अध्याय संपतो तवा जो हजर असंल त्यालाच लेव्हल. हा नियम अंजलीचा हाय, माझा न्हाई.

१५ सप्टेंबर, रविवार
आज जोरदार बोललो. जळक्या गावातली माणसं आमाला घाटापलीकडं न्यायची हायेत. वज्रसेननं शपथ घेतली की एक बी लेकरू मागं सोडणार न्हाई. अंजली वा म्हणाली. तेवढ्यात माय मागं चहा घेऊन उभी. कुणाची लेकरं रे, म्हणे. कामाचा कॉल हाय म्हणालो.

२२ सप्टेंबर, रविवार
पितृपक्ष लागला. पितृपक्षात लेकरू पहिल्यांदा घरात आणत न्हाईत. हे मी धरूनच चाललो होतो. पुनमला कळवलं. ती म्हणाली, गणपतीत कुठं होता पितृपक्ष? मुद्दा बराबर हाय, टोन बराबर न्हाई.
असो. आता पाचवा महिना. टाइम भरपूर हाय.
लेव्हल चार झाली. कुणाला सांगावं, कळंना. आबाला, वडलांना, सांगितलं. ते बकऱ्यांना पाला टाकून राहिले होते. बरं झालं म्हणाले.

२० ऑक्टोबर, रविवार
आबा म्हणाले पोरीनं मान धरली म्हणे, बघून तर ये. मी म्हणालो फोटो आलाय. आबा म्हणाले फोटोची मान कोण बी धरंल. जुन्या माणसांना टेक्नॉलॉजी समजत न्हाई.

लेव्हल पाचला वज्रसेनला एका फेरीत दोन वार करता येतेत. लई मोठी गोष्ट हाय. आजवर माझी अडचण तीच होती, एका टायमाला एकच काम. पाच झालो की गेम अन् संसार दोन्ही. पुनमला हे सविस्तर समजावून सांगायचं. भेटल्यावर.

३ नोव्हेंबर, रविवार
काल पाचवा महिना लागला. आज भाऊबीज. अंजली म्हणाली, सणाचं कुणाला जमत नसंल तर आज राहू द्या. मीच म्हणालो, जमतंय की.
साखऱ्याहून सासरे, उत्तमरावमामा, यांचा फोन. मग मेसेज: पाव्हणं, वाट बघून राहिलो. फोन उचलायचाच राहिला होता. नंतर मेसेज टाकला: नेटवर्क.

१७ नोव्हेंबर, रविवार
पोरगी पालथी पडायली. पुनमनं व्हिडिओ पाठवला. तीनदा बघितला. काही तरी वाटायला पायजे होतं, वाटलं न्हाई. बारशाला बघितली तवा गाठोड्याएवढी होती. ही कुणाची म्हणून दाखवली असती तरी मी हो म्हणालो असतो. बहुतेक झोप कमी पडून राहिली. उद्यापासून लवकर झोपायचं.

२४ नोव्हेंबर, रविवार
पुनमचा फोन. ओरडली न्हाई. नुसतं म्हणाली, पुढचा रविवार शेवटचा हाय, सोमवारी सहावा लागतो. येणार असाल तर बॅग भरते, न्हाई तर भरत न्हाई, तेवढं सांगा. भर म्हणालो. एकदम ठाम. फोन ठेवल्यावर बरं वाटलं.
मग अंजलीनं सांगितलं की अध्याय पुढच्या रविवारी संपतो.

३० नोव्हेंबर, शनिवार
टाइमटेबल. रामप्रसादची जीप सांगितली. नऊला निघायचं, दहाला साखरा, एकला घरी, दोनला गेम. पोरगी बी आली अन् लेव्हल बी. लोक उगंच म्हणतेत जमत न्हाई. माय सकाळपासून घर सारवून राहिली. पाळणा धुऊन वाळत घातला.

१ डिसेंबर, रविवार, सकाळी
निघालो. नवीन शर्ट.

१ डिसेंबर, संध्याकाळी
साखऱ्यात सगळं तयार होतं. पुनम पोरीला घेऊन दारातच उभी, बॅग पायाशी. मामींनी ओटीचं सामान काढलेलं. मामा म्हणाले, पाव्हणं, आज अमावस्या हाय, पण बाराला सरते. मग ओटी भरू, जेवा निवांत, तीनला निघा, काही तकलीफ न्हाई.
तीनला.
मी मोबाइल काढून टाइम बघितला. तिथंच कोण हसलं असतं तर मी बी हसलो असतो अन् बसलो असतो जेवायला. कुणी हसलं न्हाई. मी म्हणालो, मामा, आमच्या घरी अमावस्या अख्खा दिवस पाळतेत. नियम तो नियम. आता सातव्यातच न्यावं लागंल.
मामा म्हणाले, तुमच्या आबालाच तर विचारलं मी काल, ते म्हणाले बारानंतर आणा. मी म्हणालो, आबाला आठवत न्हाई आजकाल.

पुनम माझ्याकडं बघत होती. मला हायसं वाटलं होतं अन् ते तोंडावर आलं असणार, कारण तिनं मान हलवली अन् बॅग आत नेली. भांडली असती तर बरं झालं असतं. पोरीला घेतो म्हणालो. झोपलीय म्हणाली. पोरगी टक्क जागी होती.

घरी पावणेदोनला पोचलो. माय भाकरतुकडा ओवाळायला घेऊन दारात. जीपमध्ये वाकून बघितलं, मागच्या सीटवर बी बघितलं. मी म्हणालो अमावस्या. तिनं ताट आत नेऊन ठेवलं.

दोनला गेम. घाट पार झाला. एक बी लेकरू मागं राहिलं न्हाई. लेव्हल पाच. सगळ्यांनी अभिनंदन केलं. फासे टाकले, दोन वार बसले. मी थँक्यू म्हणालो अन् स्क्रीनकडं बघत बसलो. लई दिवसांची इच्छा होती ना ही? काहून काहीच वाटंना, कळंना.

८ डिसेंबर, रविवार
अंजलीचा मेसेज. तिची परीक्षा हाय, गेम बंद. परत कधी ते सांगता येत न्हाई. वज्रसेनला सांभाळून ठेव म्हणे.
म्हणजे आता सगळे रविवार मोकळे. लगेच पुनमला फोन लावला. आज येऊ का, जीप बी मोकळी हाय म्हणालो. मागं पोरगी काही तरी आवाज काढून राहिली होती. हसणं असंल. मला तिचा आवाज ओळखू येत न्हाई अजून.
पुनम म्हणाली, सहावा चालू हाय. तुमच्या घरी पाळतेत ना.
बराबर हाय म्हणालो. तिनं फोन ठेवला.
दुपारी दुकान उघडून बसलो. रविवारी कुणी येत न्हाई.