माशाल्ला म्हणायचं राहिलं

ताई, तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली आणि मी अजून इथे ओमानात, रुस्ताकमध्येच आहे. परवापर्यंत. परवाचं माझं विमान आहे आणि या वेळी परतीचं तिकीट काढलेलं नाही. आमच्या नर्सिंगच्या कामाचे व्हिसे आता वाढवून देत नाहीत. माझ्या जागेवर इथलीच मुलगी आली आहे, तुम्ही गेलात त्या वर्षी माझ्या हातावर जन्मलेली. हुशार आहे. टाके माझ्यापेक्षा बारीक घालते. तिला सहा महिने मीच शिकवलं, म्हणजे माझी जागा मीच झाडूनपुसून तिला दिली असं म्हणा हवं तर.

गाव तुम्हाला ओळखू येणार नाही. किल्ला आहे तिथेच आहे, पण आता त्यावर दिवे सोडलेत. गावच्या कारभाऱ्याचं, वालीचं ऑफिस नव्या इमारतीत गेलं. शुक्रवारी गरम झऱ्यावर मस्कतच्या गाड्यांची ही रांग लागते, आणि जुन्या सूकमधली निम्मी दुकानं मोठ्या रस्त्यावर पळाली. आपला दवाखाना कधीच बंद झाला, मी सरकारी इस्पितळात लागले; दवाखान्याच्या जागी मोबाइलवाला बसतो. माणसं मात्र तीच. सकाळी एका घरात कुणी शिंकलं तर दुपारी सूकमध्ये त्याच्या तब्येतीची चौकशी होते. कोण कुणाचा नातू, कुणाच्या आजोबांना किल्ल्यात मान होता, सगळ्यांना पाठ. अशा गावात माणसाचं एकदा जे नाव पडतं ते पडतं. तुमचंही पडलं, आणि ते माझ्यामुळे पडलं. हे मला तुम्हाला सांगायची गरज नाही, तुम्हाला ठाऊक होतं. मला ज्यांना सांगायचं होतं ते दुसरेच आहेत.

दवाखान्यामागची ती दीड खोली आठवते मला. तुम्ही स्टोव्हपाशी उकिडव्या बसून ज्वारीची भाकरी थापताय, पीठ नागपूरहून आणलेलं, मोजून वापरायचं. मी नवी, रत्नागिरीहून आलेली, तेवीस वर्षांची. पहिले आठ दिवस मी तुमच्या भाकरीला हात लावला नाही. पोट बरं नाही म्हणत होते. तुम्ही काय ते ओळखलंत आणि एका शब्दाने बोलला नाहीत, नवव्या दिवशी भूक लागल्यावर मीच जेवले. तुम्ही बाई असून ‘मी जातो, मी करतो’ म्हणायचात याचं मला हसू यायचं. तुम्ही मला रागावलात ते त्याच स्वयंपाकघरात. इथल्या बायकांचं बाळ पाहिलं की आधी माशाल्ला म्हणायचं, म्हणजे नजर लागत नाही, मग काय कौतुक करायचं ते करायचं, हे तुम्ही मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. मी म्हणत नव्हते. मला वाटायचं, तो त्यांच्या देवाचा शब्द, आपण तोंडात कसा घ्यायचा? घरी कळलं तर आई काय म्हणेल?

“काहून म्हणत नाहीस?” तुम्ही विचारलंत. “मी तं कोणताच देव मानत नाय, नजर-बिजर तं अजिबात नाय. तरी म्हणतो ना? त्या बाईच्या जिवाले बरं वाटते. तुले का जड जाते?”

मी मान हलवली आणि मनात म्हटलं, तुमचं काय, तुम्हाला सगळं चालतं.

ज्याच्यावरून पुढचं सगळं घडलं तो मुलगा पाच मुलींवर झाला होता. बाळंतपण अवघड गेलं, आई ग्लानीत होती. आजी उशाशी बसलेली, तिला डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं. बाळ काय गोरं, काय गुबगुबीत! मी त्याला पुसून आजीच्या मांडीवर दिलं आणि माझ्या मोडक्या अरबीत सांगितलं, असं देखणं मूल मी आजवर पाहिलं नाही. आजी म्हणाली, “कूली माशाल्ला.” म्हण, माशाल्ला म्हण. मला ऐकू आलं, ताई. समजलंही. मी नुसती हसले आणि ट्रे उचलून बाहेर आले.

तिसऱ्या दिवशी बाळ गेलं. हृदयातच दोष होता, डॉक्टरीणबाईंनी बापाला कागदावर चित्र काढून समजावलं. बाप शहाणा माणूस, अल्लाची मर्जी म्हणाला. पण आठवड्याने तो आजीचा हात धरून दवाखान्यात आला. तिने आरडाओरडा केला नाही. एवढंच विचारलं की तुमच्या दोघी हिंदी सिस्टरांपैकी त्या दिवशी बोलली ती कोण? मी टेबलाशी गॉजच्या घड्या करत होते. मी मान वर केली नाही. आणि तुम्ही, ज्यांनी त्या दिवशी खोलीत पाऊलही टाकलं नव्हतं, पुढे होऊन म्हणालात, “अना.” म्हणजे, मी. आजीने तुमच्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. मग म्हणाली, बाई, तुझं भलं होवो, पण यापुढे कुणाच्या बाळाकडे बघू नकोस.

पुढचं सगळं गावाने केलं, तेही अगदी सभ्यपणे. बायका तुम्हाला सलाम करत आणि बाळाच्या तोंडावरून ओढणी ओढून घेत. अर्ध्या गावाची बाळंतपणं तुम्ही केलेली, आणि आता आत तुम्ही नको म्हणून निरोप यायला लागले. आपला अर्बाब, दवाखान्याचा मालक, भला माणूस, तुमच्यासमोर हात चोळत उभा होता. “सिस्टर, थोडा दिन अंदर मत जाओ. लोग बोलता. मैं क्या करेगा?” थोडे दिवस म्हणता म्हणता दोन वर्षं तुम्ही कार्डं लिहिलीत आणि अवजारं उकळलीत. माझ्या हाताला गुण आहे असं गाव म्हणायला लागलं ते याच दोन वर्षांत.

मी एकदाच म्हटलं, ताई, मी सांगते त्यांना. तुम्ही भांडी विसळत होतात. “राहू दे. तुह्या मागं तीन बहिणी हायेत, तुले परत धाडलं तं त्यांचं कसं? आन मले आदत हाये. गावात माह्या आजीची सावली टायत होते लोक. इथं नजर टायतेत.” मग तुम्ही हसलात. ते हसू मला आजही सोसत नाही. सावली टाळणारं गाव सोडून, शिकून, समुद्र ओलांडून तुम्ही आलात, आणि इथेही तेच वाट्याला यावं? आणि आणलं कुणी, तर तुमच्या भाकरीला आठ दिवस न शिवलेल्या माझ्यासारखीने. तुम्ही सवय आहे म्हणालात आणि मला ते पटलं. पटलं म्हणजे, सोयीचं वाटलं. मला फार लाज वाटते, ताई. तुम्ही सुट्टीवर गेलात आणि तिकडूनच तुम्ही काविळीने गेल्याचं पत्र आलं. तुम्हाला पोचवायला टॅक्सीपर्यंत मी एकटी होते. इथून कुणी निघालं की घरटी हलव्याचा डबा येतो, हे तुम्हीच मला सांगितलं होतं.

मागच्या आठवड्यात मी लेकीला फोनवर सगळं सांगितलं. ती मस्कतला, अल् घुब्र्याला फ्लॅटवर असते, तिथल्याच इंडियन स्कूलमध्ये शिकली. ती ऐकून घेऊन म्हणाली, “आई, सो व्हॉट? सांगून टाक ना त्यांना. आता कोण काय करणार तुला? यू आर लीव्हिंग एनीवे.” खरंच होतं तिचं. बहिणींची लग्नं होऊन त्यांना सुना आल्या. व्हिसा गेलाच आहे. माझं कुणी काहीही वाकडं करू शकत नव्हतं. तेव्हा मी ठरवलं, निरोपाच्या दिवशी बायका जमतील, तेव्हा सांगायचं. वाक्यं तयार केली. आता माझी अरबी चांगली आहे, इथल्या म्हाताऱ्यांसारखी बोलते म्हणून नव्या मुली चिडवतात.

काल जमल्या. वीसेक जणी, मजलिसमध्ये भिंतीला टेकून, कॉफी, खजूर, मध, हलव्याचे डबे. त्या बाळाची आईही होती. आता तिच्या पाची मुली नांदतायत, मांडीवर नातू होता. तिने तो नातू माझ्याकडे दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “ही आमची सिस्टर, हिची नजर स्वच्छ. त्या पहिलीसारखी नाही. अल्ला तिला माफ करो.” बायकांनी माना डोलावल्या. ज्यांचा जन्मही झाला नव्हता त्याही पोरींनी डोलावल्या, म्हणजे त्यांनाही तुमची गोष्ट पोचलेली. तुमचं नाव कुणाला आठवत नाही, नजर तेवढी आठवते. यापेक्षा सरळ संधी मला कोण देणार होतं? वाक्य तोंडाशी आलं होतं. बाळ माझ्याकडे बघत होतं. सगळ्या प्रेमाने बघत होत्या.

मी म्हटलं, माशाल्ला. मग म्हटलं, अल्ला यरहमहा, तिच्यावर दया करो. सगळ्या आमीन म्हणाल्या आणि कॉफी पुढे सरकली.

म्हणजे गुन्हा तुमचाच, हे आता मीही कबूल करून बसले आहे. परवा मी गेले की खरं काय ते ठाऊक असलेलं माणूस या गावात उरणार नाही. हे पत्र पाठवायला तुमचा पत्ता नाही, ते सोडा. पण त्या आईच्या घरचा पत्ता मला माहीत आहे, इथून चालत दहा मिनिटं. मला अरबी लिहिताही येतं. तरी बसले ती मराठीत लिहायला, कारण रुस्ताकमध्ये हे कुणालाच वाचता येणार नाही.