तांड्याच्या पेजवरचा बॉट

सोमवार, १० नोव्हेंबर
पुण्याची नोकरी सोडून आठ महिने झाले. (काढलं नाही. सोडली.) आजपासून कामाले लागलो. माझ्या 'तांड्याचा आवाज' पेजसाठी बॉट बनवून राह्यलो. जुन्या पोस्टमधली जिले सर्वात जास्त लाईक, ती रोज सकाळी सातले आपोआप पुन्हा शेअर. मी झोपेत फेमस. रविवारी बाभुळगावचे पाहुणे वर्षाच्या, म्हणजे माह्या लहान बहिणीच्या, सगाईले येऊन राह्यले. मुलीचा भाऊ काय करते, असं विचारतीलच. उत्तर पाहिजे ना.

बुधवार, १२ नोव्हेंबर
कोड झाला. अर्धा यूट्यूबवरचा, पण डोकं माझं. वर्षा म्हणे, दादा, पोस्ट किती जुनी हे तो पाह्यते का? म्हटलं, चांगल्या पोस्टले तारीख लागत नाही. पोरीले टेक्निकल समजत नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर, सकाळी ९:४०
बॉट चालू झाला. पहिली पोस्ट उकंडामामाची बैलजोडी विकणे आहे अशी. जोडी तर पोळ्याआधीच विकली. मामाले सकाळपासून चाळीस फोन. शिव्या देऊन राह्यला. याले एंगेजमेंट म्हणते, पण सांगाले कोण जाईन. विक्रीच्या पोस्ट बंद केल्या. उद्या दुसऱ्या नंबरची पोस्ट जाईन. कोणती ते पाह्यलं नाही. पाहाले बॉट आहे.

रविवार, १६ नोव्हेंबर, दुपारी

बॉटनं सातले टाकलं: 'आमचे काका डोंगरसिंग आज पहाटे वारले. माती दुपारी बाराले.' फोटोसकट. ४१२ लाईक. काकाले जाऊन दोन वर्षं झाली, पण पाहुण्यांले काय माहीत. पेढे घरीच ठेवून, जीप भरून मातीले आले. बाया अंगणातच हंसाकाकीच्या गळ्यात पडून रडाले लागल्या. काकी सगाईसाठी नवं लुगडं नेसून उभी. कोण मेलं, तिले समजेना. मग नवऱ्याचं नाव ऐकलं अन् तीही रडली.
रडाले आलेला माणूस घरी जाऊन आंघोळ केल्याबिगर शुभाचं करत नाही. चहा न घेता परतले. मी म्हटलं, अकाउंट हॅक झालं. वर्षा मेंदीचे हात मांडीवर घेऊन बसून होती. लाज वाटली, तिच्याकडे पाह्यलं नाही.

सोमवार, १७ नोव्हेंबर
बॉट डिलीट. पाहुण्यांचा निरोप आला, सवडीनं कळवतो. वर्षा माह्याशी बोलत नाही.
काकीले खरं सांगितलं. पाय धरले. रागावली नाही. म्हणे, त्यांच्यासाठी कोणी रडलं, बरं वाटलं. मग विचारलं, काका गेले तवा तू पुण्याहून पोस्ट टाकली, आला काहून नाही? म्हटलं, सुट्टी भेटली नाही.
खोटं. त्या दिवशी रूमवर बसून लाईक मोजत होतो. सुट्टी मी मागितलीच नव्हती.