जूनचं ढेकूळ

संग्रामपूर, २४ जून

ती. जयमालाताईले गोकुळचा सा. न. वि. वि.

फोनवर सांगतलं असतं, पण बाबा स्पीकर लावूनच बोलते आन् सारं घर आयकते. माह्या हातून कांड झालं. आखाजीले, अक्षय तृतीयेले, आपला आजा वावरात घट मांडते ना? त्यात पावसाच्या चार महिन्याईचे चार ढेकळं ठेवते. सकाळी जे वलं, त्या महिन्यात पाऊस. म्या सगळ्याच्या आंधी जाऊन जूनच्या ढेकळावर लोटाभर पानी ओतलं. आज्याची गंमत पाहाव म्हटलं, बस.

आज्यानं गावाले सांगतलं, जून भरपूर हाय. बाबानं त्या भरोशावर पावसाच्या आंधीच कोरड्या मातीत कपाशीची धूळपेरणी केली. जराशी भुरभुर आली, सरकी उगवली, आन् तवापासून आभाळ कोरडं. रोपं माना टाकून राह्यले. बाबा वावराच्या धुऱ्यावर बसून राह्यते, जेवत नाही. काय करू?

तुहा लाडका (आजूक असलो तर),
गोकुळ

डोणगाव, २९ जून

चि. गोकुळले अनेक आशीर्वाद.

वाचून पहिले हसू आलं, मंग पत्र पुन्हा वाचलं. इतकं डोकं शाळेत चालवलं असतं तर बारावी निघाली असती, लेका.

इकडं घंटाभरात महिन्याचा पाऊस पडला. मातीसगट बियाणं नाल्यात गेलं. इथं तर कोणी लोटा ओतला नव्हता. मी लहान होती तवा आठ-आठ दिवस झड लागे, वले कपडे चुलीजवळ वाळवू. तशी झड तू पाह्यली तरी काय?

पण आज्याले खरं सांग. दुबार पेरणी त्याच्याच शब्दावर होईन. आता चुकलं तर वावर सालभर पडीक.

जेवत जाय. माया हायच.
जयमाला

संग्रामपूर, ७ जुलै

ती. ताईले सा. न. वि. वि.

सांगतलं. आजा रागावला नाही, हेच वाईट. म्हणे, ढेकूळ वरून वलं आन् खालून कोरडं होतं, मले तवाच समजलं. मंग गावाले काऊन सांगतलं, म्हटलं. तर म्हणे, लय सालापासून घट जमून नाही राह्यला, मृग-आर्द्रा पहिल्यासारखे येतच नाही. गावाले पाऊस पाह्यजे होता, मलेही पाह्यजे होता.

आता म्हणते, मोबाईलात पाह्य आन् माह्या कानात सांग. म्या पाह्यलं. गुरुवारी पाऊस, साठ टक्के. आज्यानं पारावर सांगून देल्लं, गुरुवारी पेरा. बाबा तवाच बियाणं आणाले गेले. इतक्या दिवसानं पोटभर जेवून गेले.

साठ टक्के म्हणजे पास का नापास, ताई? मी तर दहावीपर्यंत पस्तीसवरच निघत आलो. आन् तुमच्यासारखा घंटाभरातच सारा पडला तर?

हे पत्र चुलीत घाल. भाऊजीले सांगू नको, मायचा फोन आला तरी सांगू नको. गुरुवार गोकुळनं काढला हे समजलं तर कोणी पेरणार नाही, आन् आज्याले पारावर कोणी बस म्हणणार नाही. पाया पडतो ताई, कोणालेच सांगू नको.

तुहा गोकुळ